काजळीच्या काचेवरच्या दोन रेघा

"…पण आधी विचारलं कोणी होतं, बाई? मी की वृंदानं? एवढंच सांगा."

काझी बाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. सुपात एक खडा सापडला. तो त्यांनी अंगणात भिरकावला.

"चपला सावलीत सरकव," त्या म्हणाल्या. "निघताना पाय भाजतील."

हेरंबनं चपला सरकवल्या.

"बाई, मी काय विचारतोय…"

"ऐकलं मी. आधी पाणी पी."

हेरंब तोडणकर पहाटेच पुण्याहून निघाला होता. घाट उतरून, खाडी फेरीबोटीनं ओलांडून दुपारी अडीचला तो बाईंच्या दारात उभा राहिला. वाटेत एक चहा घेतला होता, तेवढाच. बॅगेत एक फॉर्म होता आणि फॉर्मसोबत टाइप करून आणलेलं एक पत्र. खाली सहीची जागा तेवढी रिकामी होती.

हमीदा काझी या खाडीकाठच्या गावात छत्तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होत्या. आता वय एकोणऐंशी. गावात बाया पुष्कळ, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. मासळीवाली सुद्धा पाटी उतरवताना विचारी, "बाई, ह्यो बर्फ पाण्यावर तरंगतो कसा वो?" आणि बाई तिला बसवून सांगत.

हेरंब आणि वृंदा मयेकर हे त्यांचे एकाच वर्षीचे, एकाच बाकावरचे विद्यार्थी. पुढं दोघं पुण्याला शिकले, दोघांनी एकाच प्रयोगशाळेत नोकरी धरली, आणि नऊ वर्षं खपून दोघांनी मिळून एक पेटी बनवली.

पेटी दिसायला साधी, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. आत उजेडाचा एकेक कण सुटायचा. समोर केसाएवढ्या दोन फटी. कण पलीकडच्या पडद्यावर जाऊन एक ठिपका उमटवायचा. मग दुसरा. मग तिसरा. पेटीत एका वेळी एकच कण. त्याला ना सोबत, ना वाटेत धक्का द्यायला कोणी. असं असताना ठिपके कुठंही कसेही पडायला हवेत. पण तासाभरानं पाहावं तर पडद्यावर रेघा उभ्या राहिलेल्या. एक उजेडाची, एक अंधाराची, पुन्हा उजेडाची… जणू एकट्यानं निघालेल्या प्रत्येक कणाला दोन्ही फटींची खबर होती.

मोठ्या प्रयोगशाळांना हे नवं नव्हतं. पण तालुक्याच्या कॉलेजात, बाकावर ठेवून, मुलांना डोळ्यांनी बघता येईल अशी पेटी त्या दोघांच्या तरी पाहण्यात नव्हती. भिंगं, फटी, आरसे वृंदाचे. कण टिपणारी यंत्रणा हेरंबची. चाळीस कॉलेजांत ती पेटी पोचली.

मग एका संस्थेनं पुरस्काराचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता : मूळ कल्पना कोणाची? एकच नाव लिहावे.

इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना जे विचारलं नव्हतं, ते त्या रकान्यानं विचारलं.

कल्पना निघाली होती बाईंच्या तासाला, अकरावीत. दोन फटींचा धडा चालू होता आणि वर्गातून कोणीतरी विचारलं होतं, "बाई, उजेड कमी कमी करत नेला, इतका की एका वेळी एकच कण जाईल, तरी रेघा पडतील?"

ते आपणच विचारलं, हे हेरंबला लख्ख आठवत होतं. त्या दिवशीचा निळा शर्टसुद्धा आठवत होता.

वृंदालाही लख्ख आठवत होतं. विचारताना पेनाचं टोपण दातात होतं, असं ती म्हणे.

बोलणं वाढलं. "दोघांचं नाव, नाहीतर कोणाचंच नको," असं म्हणून वृंदा उठून गेली. त्याला आता तीन आठवडे झाले होते. एकाच खोलीत काम, आणि निरोप चिठ्ठ्यांवर. आज हेरंब सुट्टी टाकून, तिला न सांगता, साक्ष घ्यायला आला होता.

"पत्र मी लिहूनच आणलंय," त्यानं बॅग उघडली. "तुम्हाला त्रास नको म्हणून. फक्त सही…"

बाईंनी पत्र घेतलं. चष्मा लावून सावकाश वाचलं. घडी घालून सुपाखाली ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"मराठी चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या.

…

"सही करू मी. पण साडेतीनला मागच्या खोलीत ऊन येतं. ते गेलं की आज पुन्हा मिळायचं नाही. तेवढं काम उरकून घेऊ. चल, ऊठ."

मागची खोली म्हणजे पूर्वीची लाकडं ठेवायची जागा. हेरंबला वाटलं होतं, बाईंचं सामान एव्हाना भंगारात गेलं असेल. पाहतो तर सगळं जागच्या जागी. खिडकीच्या फळीला एक उभी चीर, तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद. बाहेर कट्ट्यावर ऊन आत फेकणारा हातभर आरसा. मधे एक स्टूल. समोरच्या भिंतीवर पांढरा पुठ्ठा.

"काच तू कर," बाई म्हणाल्या. त्यांनी काचेचा तुकडा, रॉकेलची चिमणी आणि दोन ब्लेड पुढं ठेवली.

हेरंब हसला. त्याच्या प्रयोगशाळेत फटी यंत्रानं कापत. टेबलाखाली हवेच्या उशा होत्या, रस्त्यावरून ट्रक गेला तरी टेबल हलू नये म्हणून.

त्यानं काच चिमणीवर धरून तिच्यावर काजळी चढवली. दोन ब्लेड एकावर एक घट्ट धरून पट्टीच्या आधारानं रेघ ओढली. दोन पात्यांच्या दोन रेघा. काजळी सुटली तेवढ्याच जागेतून उजेड जाणार.

एक रेघ तुटली.

दुसरी काच घेतली. दोन्ही रेघा एकमेकींत मिसळल्या.

"इंजेक्शन टोचताना डॉक्टर श्वास धरतो बघ," बाई म्हणाल्या. "तसा धर."

तिसरी काच जमली. कपाळावरचा घाम पुसताना काजळी भुवईला लागली, ते त्याला कळलं नाही. बाईंना दिसलं.

बाहेर जाऊन त्यांनी आरसा जरा तिरपा केला. आत येऊन दार लावून घेतलं.

खोलीत काळोख. चिरेतून लाल उजेडाची एक पात आत आली, स्टुलावर उभ्या केलेल्या काचेवर पडली…

आधी काहीच दिसेना.

"घाई करू नको. डोळ्यांना सवय होऊ दे."

मग भिंतीवर रेघा दिसायला लागल्या. फिक्या, लालसर, बोटाच्या पेरापेराएवढ्या अंतरावर. उजेड, अंधार, उजेड, अंधार. हेरंबनं हळूच मोजल्या. सात.

नऊ वर्षं तो या रेघा संगणकाच्या पडद्यावर पाहत होता. आकडे, आलेख, ठिपके. पण ऊन निघालं कुठून, आणि या लाकडांच्या खोलीत, चिमणीच्या काजळीतून, भिंतीवर येऊन हे असं उभं राहिलं… तो पुठ्ठ्याच्या आणखी जवळ सरकला. सोळाव्या वर्षी सरकला होता तसाच.

"बाई," तो म्हणाला, "किती सुंदर आहे हो."

"आहेच."

दोघं बराच वेळ नुसते बघत राहिले. ऊन सरकलं तशा रेघा पुसट झाल्या. बाई बाहेर गेल्या, आरसा हलवून आल्या. रेघा परत आल्या.

बाईंनी पेन्सिल घेतली. मधल्या रेघेच्या शेजारी जिथं मिट्ट अंधार होता, तिथं पुठ्ठ्यावर फुली मारली.

"इथं काय आहे?"

"अंधार."

"का?"

"दोन फटींतून आलेल्या लाटा तिथं एकमेकींना मारतात. एकीचा चढ, दुसरीचा उतार. बेरीज शून्य."

"पाठ आहे तुला. आता एक फट बंद कर."

हेरंबनं ब्लेड घेतलं, काचेला टेकवलं आणि दोन रेघांमधल्या केसभर जागेत त्याची धार आणायला लागला. पातं जरा जास्तच सरकलं. दोन्ही फटी झाकल्या गेल्या. भिंत काळी झाली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा काळी.

"दे इकडं."

बाईंनी ब्लेड घेतलं. एकोणऐंशी वर्षांचा हात, शिरा वर आलेल्या, बांगडी कोपराकडं सरकलेली. हेरंब त्या हाताकडं बघत राहिला. हात दगडासारखा स्थिर होता. आणि बाई काचेकडं बघतच नव्हत्या.

"बाई, काच…"

"काचेकडं बघून जमत नाही. भिंतीकडं बघायचं. रेघा गेल्या की थांबायचं."

रेघा गेल्या.

भिंतीवर नुसता लालसर पट्टा राहिला. गोधडीवर चहा सांडावा तसा. कडेला फिका होत गेलेला. कुठं रेघ नाही, कुठं काठ नाही.

"फुलीवर काय आहे?"

हेरंब पुढं झाला. फुली दिसत होती. तिच्यावर उजेड होता.

"उजेड," तो म्हणाला.

"दोन दारं उघडी होती तेव्हा?"

"अंधार."

"एक लावलं…"

"…उजेड आला."

"मग बरं झालं की वाईट?"

हेरंबनं तोंड उघडलं. त्याच्याजवळ समीकरण होतं. दोन ओळींत सिद्ध होणारं. कॉलेजांत पेटी दाखवताना मुलांना तो ते दरवर्षी शिकवत होता. त्यानं सांगायला सुरुवात केली.

"गणित नाही विचारलं मी," बाई म्हणाल्या.

…

त्यांनी ब्लेड उचललं. भिंतीवर सात रेघा पुन्हा उभ्या राहिल्या. फुली अंधारात गेली.

ब्लेड टेकवलं. रेघा गेल्या, फुली उजेडात आली.

उचललं.

टेकवलं.

हेरंबला एकदम प्रयोगशाळेतली दोघांची खोली आठवली. चिठ्ठ्या लिहून चाललेली. वृंदा समोरच्या टेबलाशी पाठमोरी. वृंदा नसती तर आपल्याला किती मोकळं झालं असतं, असं गेल्या तीन आठवड्यांत त्याच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. आलं होतं हे खरं. त्यानं नजर खाली घातली.

पण तो इतका लांब आला होता ते रिकाम्या हातानं परत जायला नव्हे.

"ते ठीक आहे, बाई. पण कण एकेकटा जातो. कुठल्या तरी फटीतून गेलाच असेल ना? तसंच हेही. कोणीतरी एकानं आधी विचारलंच असेल."

"कुठल्या फटीतून गेला ते बघता येतं?"

"येतं. फटीशी पहारा बसवायचा. आमच्या पेटीत तशी सोय आहे."

"बसवलास की काय होतं?"

हेरंब काचेवरच्या दोन रेघांकडं बघायला लागला.

"काय होतं रे?"

"कण कुठून गेला ते कळतं." तो थांबला. "…आणि रेघा पुसल्या जातात."

"हं."

बाहेर कोणाची तरी होडी लागली असावी. माणसांचे आवाज आले आणि दूर गेले.

"बाई, तुम्ही वर्गातच होता," हेरंब हट्टानं म्हणाला. आवाज मात्र आता हळू झाला होता. "तुम्हाला माहीत असणार."

"मी फळ्यावर आकृती काढत होते. मागून प्रश्न आला."

"आवाज ओळखला असेल."

"वर्गात बेचाळीस पोरं, वरती पत्र्याचं छप्पर, आणि शेजारी शिंप्याचं यंत्र. नाही ओळखला."

"वळून नाही पाहिलंत?"

"नाही."

"का?"

"तीस वर्षं झाली होती मला शिकवायला तेव्हा. तसा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता." बाई थांबल्या. हेरंबला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "खडू हातात तसाच राहिला. म्हटलं, वळले तर कोणाकडं तरी बघून हसेन. मग तो एकटाच हुशार ठरेल, आणि बाकीचे वह्या मिटतील. म्हणून मी फळ्याकडंच तोंड ठेवलं आणि म्हणाले, माहीत नाही, ज्याला कळेल त्यानं येऊन मला सांगावं."

हेरंबला ते आठवलं. बाईंची पाठ, खडूचा पांढरा हात, आणि ते वाक्य. ते ऐकून त्यानं शेजारी पाहिलं होतं आणि शेजारून वृंदानं त्याच्याकडं पाहिलं होतं. तासानंतर दोघं धावत खाडीवर गेले होते. तिथं काय बोलले, कोण आधी बोललं… तो आठवायला गेला. निळा शर्ट आठवला. पण वृंदाच्या दातातलं टोपणही त्याला दिसत होतं. आणि ते त्यानं स्वतः पाहिलं होतं की तिच्या तोंडून ऐकलं होतं, हे काही केल्या ठरेना.

"रात्री झोपले नव्हते मी त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "आनंदानं."

ऊन भिंतीवरून निघालं. रेघा पुसट झाल्या आणि गेल्या. या वेळी बाई आरसा हलवायला उठल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं.

ओसरीवर येऊन त्यांनी सुपाखालचं पत्र काढलं, पेनचं टोपण उघडलं.

"कुठं करायची सही?"

हेरंबनं पुढं होऊन पत्र त्यांच्या हातातून घेतलं. फाडलं नाही. चार घड्या घालून खिशात ठेवलं.

"राहू दे, बाई."

"अरे, मी करते म्हणाले होते."

"राहू दे."

बाई त्याच्यासाठी कोकम सरबत करायला आत गेल्या. हेरंब पायरीवर बसला. फोन काढला. वृंदाचं नाव शोधायला लागलं नाही. बोट आपसूक तिथं गेलं. पण दाबायला वेळ लागला.

पलीकडं बराच वेळ घंटी वाजली.

"बोल," वृंदाचा आवाज आला. तीन आठवड्यांतला पहिला शब्द.

"मी… बाईंकडे आलोय."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकटाच आलो. तुला न सांगता. बाईंची सही घ्यायला आलो होतो, की कल्पना माझी म्हणून." त्याला वाटलं, ती आता फोन ठेवेल. "घेतली नाही. पण घ्यायलाच आलो होतो. ते सांगायला फोन केला."

पलीकडून प्रयोगशाळेतल्या पंख्याचा आवाज आला.

"मागच्या खोलीत नेलं का?" वृंदानं विचारलं.

"…हो."

"काच तुला करायला लावली?"

"हो. तिसरी जमली."

"मला चार लागल्या," वृंदा म्हणाली. "रेघा किती दिसल्या?"

"सात."

"मला पाचच. ढग होते त्या दिवशी."

हेरंबला कळायला थोडा वेळ लागला.

"कधी?"

"मागच्या रविवारी."

"कशाला गेली होतीस?"

वृंदा हसली की रडली ते फोनवर समजलं नाही. "दोघांचं नाव म्हणून मी उठून गेले होते ना? घरी गेल्यावर म्हटलं, का म्हणून दोघांचं? मीच विचारलं होतं. पत्रसुद्धा टाइप करून नेलं होतं. अजून पर्समध्येच आहे."

हेरंबनं खिशावर हात ठेवला.

"फॉर्ममध्ये रकाना एकाच नावाचा आहे गं."

"मग बारीक अक्षरात लिही. दोन मावतील."

"आणि नाही चाललं तर?"

"तर फॉर्म त्यांच्याकडे राहील, पेटी आपल्याकडे. कधी निघतोयस? रोह्याच्या कॉलेजची पेटी बंद पडलीय. आरसा मी बघते, पण तुझा भाग मला उघडता येत नाही."

"उद्या सकाळी येतो."

"ये. आणि हेरंब… तोंड धुऊन घे. माझ्या भुवईला काजळी लागली होती, आणि बाईंनी बसस्टँडपर्यंत मला तशीच जाऊ दिली."

त्यानं भुवई चोळली. बोटं काळी झाली.

बाई सरबताचा पेला घेऊन बाहेर आल्या. हेरंब पायरीवरून उठला, आणि काही न बोलता वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काझी बाईंना पाया पडलेलं आवडत नसे. वर्गात कोणी वाकलं तर त्या ओरडत. आज ओरडल्या नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पेला हिंदकळला, थोडं सरबत पायरीवर सांडलं.

"वृंदा येऊन गेली," तो म्हणाला. "तुम्ही बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"तिनंही 'आधी कोणी' हेच विचारलं?"

बाईंनी पेला त्याच्या हातात दिला. पदराला हात पुसत त्या खाडीकडं बघत राहिल्या…

"एकेकटे येता रे तुम्ही," त्या म्हणाल्या, "आणि तरी रेघा पडतात."